वाफ्यातली वाळवी औषध टाकूनही परत का येते?

औषध ओतलं की काही दिवस शांत जातात. मग एखाद्या सकाळी गुलाब मान टाकतो. फांदी धरून जरा ओढली तर अख्खं झाडच हातात येतं, आणि सोटमुळाच्या जागी ओल्या मातीनं भरलेली नळी दिसते. पुन्हा कृषी सेवा केंद्र, पुन्हा बाटली. संभाजीनगर, परभणी, लातूर, नांदेड, कुठल्याही शहराच्या कडेला नव्या वसाहतीत घर बांधून भोवती चार वाफे केलेल्या माणसाला हे चक्र पाठ झालेलं असतं. जुनी माणसं हिला उधळी म्हणतात आणि ‘ती जात नसते’ म्हणून विषय सोडून देतात.

जमिनीतून ती जात नाही हे खरंच आहे. पण वाफ्यातून जाते. तक्रार बहुतेक वेळा औषधाबद्दल असते, ‘औषधात दम राहिला नाही’ वगैरे. माझं मत वेगळं आहे. वाळवी वाफ्यात येते ती आपणच आणून टाकलेलं वाळकं आणि अर्धंकच्चं खायला. झाडाला ती नंतर लागते, आणि तेही झाड तहानेनं किंवा जखमेनं थकलेलं असेल तर. तिचं खाणं वाफ्यात तसंच ठेवून वरून कितीही औषध ओतलं तरी फरक महिना-दोन महिन्यांचाच पडतो.

आधी खात्री करा

मान टाकलेलं प्रत्येक झाड वाळवीनं मेलेलं नसतं. उपटल्यावर मुळाशी अर्धगोल वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी दिसली तर ती हुमणी. तिचा इलाज वेगळा. मुळं जागेवर आहेत पण साल बोटानं सुटून येते, कुजका वास येतो आणि आत माती भरलेली नाही, तर ती मर किंवा मूळकूज. काळ्या मातीत पाणी साचलं की हे हमखास होतं, आणि लोक तिथेही वाळवीचं औषध ओतत बसतात. वाळवीची खूण म्हणजे पोखरलेल्या जागी भरलेली माती, आणि खोडावर चढत गेलेला मातीचा पापुद्रा. उकरून बघायचं तर सकाळी लवकर बघा. दुपारच्या उन्हात ती खाली निघून जाते आणि ‘काहीच नाही’ असं वाटतं.

मोठ्या कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीपर्यंत मातीचा थर चढलेला पाहून अनेकजण घाबरतात. तो थर हातानं खरवडून काढा आणि खालची साल नखानं किंचित टोकरा. आतून हिरवं-ओलं निघालं तर झाड जिवंत आहे. वाळवी वरची मेलेली, सुकलेली सालच खाते आहे. आपल्याकडच्या जमिनीत ओडोंटोटर्मिस प्रजातीतली वाळवी भरपूर असते आणि तिची ही नेहमीचीच रीत आहे. अशा झाडाला थर झाडून टाकणं आणि पावसाळ्याआधी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावणं पुरतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी हे तिचं प्रमाण. मोसंबीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लास्टिकची घ्या.

रोपं, कलमं, गुलाब, मिरची, वांगी, नारळाचं नवं रोप यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या मुळालाच ती लागते, आणि पानं मलूल होईपर्यंत वेळ बहुधा निघून गेलेली असते.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी ओसरीवर पंखांचा सडा पडतो. त्यात मुंग्याही असतात, म्हणून नीट बघा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंगी. कंबर जाड आणि चारही पंख सारखे असतील तर वाळवी. ती बाहेरून दिव्याकडे आली असेल तर काळजी नाही, त्यातल्या बहुतेक जोड्या पाली, चिमण्या आणि बेडकांच्या पोटात जातात. पण घरातल्या चौकटीतून किंवा फरशीच्या फटीतून बाहेर पडताना दिसली तर वसाहत घराखाली जुनी आहे असं समजा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

ओतलेलं औषध पुरत का नाही

वाफ्यात दिसतात त्या कामकरी. राणी खाली, काही वेळा चांगली खोल आणि बरीच लांब असते. शेजाऱ्याच्या प्लॉटमध्येही असू शकते. कामकरी लाकूड-काड्या खाऊन नेतात आणि वारुळात त्यावर बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात बांधावर अचानक उगवणाऱ्या काही छत्र्या याच बुरशीच्या असतात. वर ओतलेल्या औषधानं फिरतीवर आलेल्या कामकरी मरतात, राणी अंडी घालत राहते, आणि काही आठवड्यांनी नवी फळी त्याच वासावर येते. दर वेळी वर वारूळ दिसेलच असंही नाही. मायक्रोटर्मिससारख्या जाती सगळा कारभार जमिनीखालीच ठेवतात.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा वाफ्यात बादलीभर द्रावण ओतलं तर ते सरळ भेगेतून खाली जातं आणि मुळाभोवतीची माती कोरडीच राहते. काहीही ओतायचं असेल तर आदल्या दिवशी वाफा हलका भिजवा, भेगा मिटू द्या. वरची दोन-तीन इंच माती खुरप्यानं मोकळी करा आणि मगच ओता. ही एवढी एक गोष्ट केली तरी निंबोळी अर्क आणि रासायनिक औषध दोन्हींचा परिणाम वेगळा दिसतो.

खाणं कुठून येतं

पहिला संशय शेणखतावर. ट्रॉलीभर खत स्वस्तात मिळालं म्हणून उन्हाळ्यात आणलं जातं, आणि त्यात कडब्याची धाटं, काड, न फुटलेल्या गोवऱ्यांसारखे गोळे तसेच असतात. हे खत नसून उकिरड्याचा वरचा थर असतो. मूठभर हातात घेऊन बघा. कडबा ओळखू येत असेल, शेणाचा वास येत असेल, ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते वाफ्यात घालू नका. कोपऱ्यात ढीग करा, पाणी मारून ओलं ठेवा, वर-खाली करत राहा. पावसाळा खाऊन कुजलं आणि मातीसारखं भुगभुगीत झालं की मग वापरा. ओल्या, गरम, नीट कुजणाऱ्या ढिगात वाळवी सहसा थांबत नाही. कोरड्या ढिगात घर करते.

दुसरी गोष्ट आच्छादन, आणि इथे खरी अडचण आहे. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथे आच्छादन काढा असं मी सांगणार नाही. पण उसाचं पाचट, सोयाबीनचा भुस्सा, गव्हाचं काड हे चार-सहा इंच जाड, खोडाला चिकटवून टाकलं आणि वरून पाणी फक्त ठिबकच्या एका थेंबाला मिळतंय, म्हणजे बाकीचं सगळं कोरडं, सावलीतलं, निवांत जेवण झालं. थर दोन इंचांपेक्षा जाड होऊ देऊ नका. खोडापासून चार बोटं जागा उघडी ठेवा. आठवड्यातून एकदा आच्छादन हातानं उलटंपालटं करा, उजेड आणि हवा लागली की ती पळते. जमलं तर गिरिपुष्पाचा किंवा शेवग्याचा हिरवा पाला वापरा, तो लवकर कुजतो. वाळलेल्या काड्यांवर वाळवी जशी तुटून पडते तशी यावर पडत नाही. भिंतीलगतच्या वाफ्यात मात्र काडीकचऱ्याचं आच्छादन नकोच. तिथे बारीक खडी पसरा. दिसायला रुक्ष वाटेल, पण खडीखाली ओल टिकते आणि वाळवीला खायला काही मिळत नाही.

तिसरं म्हणजे आधाराच्या काड्या. टोमॅटो-घेवड्याला पऱ्हाट्या, तुराट्या, बांबूचे तुकडे रोवायची आपली जुनी सवय. दोन महिन्यांत जमिनीखालचा भाग वाळवीनं धरलेला असतो आणि तिथून मूळ चार बोटांवर असतं. बांधकामातून उरलेले लोखंडी गज वापरा. तुराट्याच लावायच्या असतील तर हंगाम संपताच उपटून टाका, ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून वाफ्यात ठेवू नका.

आणि एक प्रकार कुणी धरतच नाही, तो कूलरचा. मार्च ते जून भिंतीला लागून कूलर उभा असतो आणि खाली सतत पाणी ठिबकतं. सगळं आवार भेगाळलेलं असताना भिंतीच्या मुळाशी तेवढीच एक जागा ओली. वाळवीचं अंग मऊ असतं, ओलीशिवाय ती जगत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात ती तिथेच जमते. त्यावर कडी म्हणजे मोसम संपल्यावर कूलरचं जुनं गवत काढून शेजारच्या वाफ्यात ‘खत होईल’ म्हणून टाकलेलं असतं. ते गवत नसतं, लाकडाचा कीस असतो. तो थेट कचऱ्याच्या गाडीत द्या आणि कूलरच्या खाली ट्रे किंवा नळी लावून पाणी लांबच्या झाडाला सोडा.

नवं घर असेल तर वाफा दीड-दोन फूट खणून बघाच. भरावाच्या मुरुमात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या कागदी गोण्या, तोडलेल्या सुबाभळीची खुंटं पुरलेली निघतात. परभणीकडच्या एका ओळखीच्या घरी तीन वर्षं एकाच कोपऱ्यातला मोगरा मरत होता. खणल्यावर खाली बाभळीचं खोडच निघालं. ते काढल्यावर त्या कोपऱ्याला पुन्हा औषध लागलं नाही.

पाणी आणि दोन सोपे उपाय

नुकसान ऑक्टोबरच्या उन्हापासून वाढतं आणि फेब्रुवारी ते मे यांत सगळ्यात जास्त दिसतं. पाऊस थांबलेला, जमीन आक्रसलेली, झाड तहानलेलं. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी आळं भरून, मूळ भिजेल असं द्या. वर शिंपडलेल्या पाण्यानं फक्त आच्छादनाची वरची बाजू ओली होते.

लावणीच्या वेळी खड्ड्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा. पेंड वाळवीला नकोशी वाटते. वसाहत संपवायची ताकद तिच्यात नाही, आणि पेंड विकणारा तसं म्हणत असेल तर हसून सोडून द्या. झाड लागलेलं असेल तर निंबोळीचं पीठ, लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून आळ्यात ओता. पावसाळ्यात आणि पाणी भरपूर असेल तेव्हा मेटारायझियम ही बुरशीही चांगलं काम करते. कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी, ओल्या मातीत द्यायची, आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशक ओतायचं नाही. एप्रिलच्या कोरड्या मातीत ती टाकणं म्हणजे पैसे वाया. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तिची चौकशी करता येईल.

मला सगळ्यात आवडतो तो मडक्याचा सापळा. जुनं मडकं घ्या, त्यात मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं आणि थोडं वाळलं शेण भरून पाणी शिंपडा. तोंडाला विरळ फडकं बांधा आणि वाफ्यापासून लांब, आवाराच्या कडेला गळ्यापर्यंत पुरा. काही दिवसांनी उचललं तर वाळवीनं भरलेलं असतं. घरी कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे रिकामं करा, नसतील तर साबणाच्या पाण्यात. याच विचारानं मी वाळक्या काड्यांचा एक ढीग कुंपणाच्या टोकाला मुद्दाम ठेवायला सांगतो. तिचं ताट वेगळं वाढलेलं असलं की ती आपल्या पंगतीत कमी येते. फक्त तो ढीग घरापासून लांब हवा. जागा दहा-बारा फुटांचीच असेल तर हा प्रयोग सोडा.

मीठ ओतू नका. काळ्या मातीला क्षाराचा त्रास आधीच असतो, मीठ घातलेला वाफा वर्षानुवर्षं सुधारत नाही. रॉकेल, डिझेल, जळकं ऑईल यांनी वाळवीआधी मुळं मरतात. उकळतं पाणीही तसंच. राख कोरडी असेतो बरी, एका पाण्यात तिचा जोर संपतो.

औषध घ्यायचंच असेल तर

दुकानात ‘दादा, वाळवीला काहीतरी द्या’ म्हटलं की अजून कुठेकुठे ‘थायमेट टाका’ हा सल्ला मिळतो. थायमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोठारात जुनी पिशवी पडलेली असेल तर तीही वापरू नका. आजोबांच्या काळची बीएचसी पावडर १९९७ पासून बंद आहे, लिंडेनवर २०१३ मध्ये बंदी आली. बाजारात सहज मिळतं ते क्लोरपायरीफॉस. बाटलीवर पिवळा त्रिकोण आहे का ते बघा, तो लाल त्रिकोणाच्या खालोखालच्या विषारी गटाचा असतो. लिंबूवर्गीय झाडं आणि बोरीसाठी त्याचा वापर २०२३ च्या आदेशानं बंद झाला, म्हणजे दारातल्या लिंबाला ते नाहीच. भाजीच्या, कोथिंबिरीच्या, पुदिन्याच्या वाफ्यातही माझ्या मते कधीच नाही. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात चढतं, म्हणून ते भाजीत नको, आणि फुलावर आलेल्या झाडाला दिलं तर मधमाश्यांना मारतं.

राहता राहिली शोभेची झाडं. तिथे लेबलवरच्या प्रमाणात, हातमोजे घालून, वाफा आधी भिजवून, फक्त लागलेल्या झाडाच्या आळ्यापुरतं द्या. बोअर, आड, जमिनीतला हौद यांच्याजवळ काहीही ओतू नका. पाणी टँकरचं घेऊन हौदात साठवणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण हौदाला तडा आहे की नाही हे आपल्याला वरून कळत नसतं.

वाफा आणि भिंत

बाकी सगळं जमलं नाही तरी हे करा. घराच्या भिंतीला चिकटून वाफा ठेवू नका, किमान दीड-दोन फुटांची पट्टी मोकळी सोडा. बांधकामाच्या वेळी जोत्याभोवती वाळवीप्रतिबंधक द्रावण टाकलेलं असेल तर ते त्या मातीतच असतं. आपण हौसेनं तिथे खणतो, ती माती उचलतो, नवी माती आणि शेणखत भरतो आणि जोत्याच्या वर वीतभर चढवतो. औषधाचा पट्टा खाली राहतो आणि वाळवीला त्याच्यावरून थेट भिंतीत जायला पूल मिळतो. वाफ्याची माती घरातल्या फरशीच्या पातळीच्या खालीच हवी. भिंतीवर चढवलेली मधुमालती, बोगनवेल सुंदर दिसते, पण तिच्यामागे मातीच्या नळ्या चढल्या तर चौकट पोकळ होईपर्यंत पत्ता लागत नाही. वेल भिंतीपासून वीतभर लांब जाळीवर घ्या.

जोत्यावर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर मधोमध बोटभर तोडा, दोन्ही टोकं ठेवा. तीन-चार दिवसांनी बघा. तुटलेली जागा पुन्हा ओल्या मातीनं जोडलेली असेल तर रस्ता चालू आहे, आणि हे काम घरच्या बादलीचं नाही. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फूटभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात द्रावण भरतात, ही भारतीय मानक आय. एस. ६३१३ मधली पद्धत आहे. नुसता पंप घेऊन भिंतीवर फवारा मारून, पावती देऊन जाणारा असेल तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. कोणतं औषध, किती टक्के, किती भोकं आणि हमी किती वर्षांची, हे पावतीवर लिहून घ्या. हमी घराची की वाफ्यासकट हेही विचारा. काम झाल्यावर त्या पट्टीत पुन्हा कुदळ घालायची नाही, तुळशीच्या रोपासाठीसुद्धा. तिथे कुंडी ठेवा, आणि कुंडी विटेवर, म्हणजे खालून माती लागणार नाही.